ताईच्या छातीतली टिकटिक

परवा इथे अमरावतीत, राजापेठेत, एका हातगाडीवर मेथीचा ढीग नुकताच उतरला होता. भाजीवालीने त्यावर पाण्याचा हबका मारला आणि तो ओला, कडवट, मातकट वास थेट नाकात शिरला. त्या वासाने कुणाला भाकरी आठवत असेल. मला दवाखाना आठवतो. जुडी हातात धरून मी तशीच उभी राहिले. मागून दुचाकीवाले हॉर्न वाजवत होते, भाजीवाली विचारत होती, "घ्याची हाय का नुसती पाह्याची हाय, बाई?" आणि मी त्या गोंगाटात कान देऊन भलतंच काही शोधत होते. एक बारीक टिकटिक.

ती माझ्या मोठ्या बहिणीची. ताईला अकोल्याजवळच्या भाजीपाल्याच्या मळ्यात दिलेली. डोक्यावर पाटी घेऊन ती तरातरा चालायची, बोलायचीही तशीच. मग एका वर्षी दहा पावलांत तिला धाप लागू लागली. लहानपणी तिला सांधे सुजून ताप यायचा. तो ताप गुडघ्यांतून गेला, पण जाताना हृदयाची झडप खराब करून गेला, असं डॉक्टरांनी इतक्या वर्षांनी सांगितलं. भावजींना ते माझ्याआधी कळलं. "विहिरीतल्या मोटरचा वालव गेला का पाणी वर चढते अन् मांगं पडते, तसंच," ते म्हणाले. मोटर काढून दुरुस्त करता येते. इथे माझी बहीण होती.

शस्त्रक्रिया अमरावतीत झाली. आत नेण्याआधी नर्सने तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून माझ्या ओंजळीत दिल्या. मी धीराची म्हणून घरात माझा लौकिक. पण ती आत असेपर्यंत मी त्या बांगड्या पुन्हा पुन्हा मोजत राहिले आणि दर वेळी आकडा वेगळा आला. ताई वाचली. तिला खोलीत आणल्यावर पहिलं काय विचारलं असेल तिने? "हे घड्याळ कोणाचं वाजून रायलं वं?" खोलीत घड्याळ नव्हतं. तिच्या छातीत बसवलेली धातूची झडप उघडमीट करत होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्माची. आणि या गोळीचं आणि पालेभाजीचं पटत नाही, पालेभाजी वाढली की गोळीचा जोर उतरतो. खायचं ते रोज सारखंच खा, एकदम वाढवू नका. "पालेभाजी किती खाता?" ताई म्हणाली, "आठवड्यातून एखाद्या डाव." मी शेजारी बसून मान डोलावली. ती खोटं बोलली नव्हती. त्या घरात भाजी म्हणजे खाण्यासाठी मुद्दाम खुडलेली, तेवढीच. बाजारातून न खपता पाटीत परत आलेल्या जुड्या भाजीत मोजायच्याच नसतात. त्या खायच्या नसतात, संपवायच्या असतात. इतकी वर्षं त्या घरी जेवूनही मला हे सुचू नये, याची लाज अजून जात नाही.

मी तिच्याबरोबर मळ्यावरच्या घरी राहिले. थंडी सरत आली होती, मेथी उदंड झाली होती आणि रोज संध्याकाळी पाट्या निम्म्या भरलेल्या परत येत होत्या. वरणात मेथी, भाकरीत मेथी, नाहीतर पातळ पालक. ताईची जाऊ मायेने वाढायची, "बाईचं लय रक्त गेलं," म्हणायची. मीही आग्रह करायची. दुपारी ती पडली की मी उशाशी बसून टिकटिक ऐकायची. एक टिक आणि पुढची टिक यांच्यामध्ये जी जागा असते, तिथे मी किती वेळा मरून उठले असेन, देव जाणे. पुढे ऊन तापलं, कूलर लागला आणि त्याच्या घरघरीत ती टिकटिक बुडून गेली. चार दिवस मला बरं वाटलं, हे कबूल करते.

एका दुपारी मात्र राहवेना. कूलर बंद केला. "काहून बंद केला वं? मले उकडून रायलं," ताई कुरकुरली. मी तिच्या पाठीला कान लावला. आवाज होता, पण नेहमीचा खणखणीत नव्हता. फडक्यात गुंडाळलेल्या डब्यावर कुणी बोट वाजवावं तसा. पुढची रक्ततपासणी चार दिवसांवर होती. मी थांबले नाही. अकोल्याच्या दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात भावजी पुढे बसले होते, मागे मी तिचा हात घट्ट धरला होता आणि माझ्या स्वतःच्या काळजाचा आवाज इतका मोठा झाला होता की तिचा ऐकू येईना.

"रोज पालेभाजी चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही जी," भावजी म्हणाले, "भाजी कुठं, त्या त उरलेल्या जुड्या." डॉक्टरांनी लगेच तपासण्या करायला सांगितल्या. रक्त घट्ट झालं होतं, झडपेच्या कडेला गुठळी धरू लागली होती. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर, एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही. पाचव्या दिवशी औषधांनी टिकटिक मोकळी झाली. मी खाटेला डोकं टेकून रडले. ताई म्हणाली, "रडून काहून रायली? तुनं आयकलं म्हनून त मी हाय."

आता तिची भाजीची वाटी ठरलेली आहे. माझी भीती मात्र कुठल्याच मापात बसत नाही. मी अमरावतीहून रोज दुपारी फोन करते आणि काहीतरी निमित्त काढते. ताईला ते निमित्त कधीच कळून चुकलं आहे.

परवाही मेथीची जुडी परत ठेवून मी तिथूनच फोन लावला. "काय वं," ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत पलीकडची घरघर थांबली. तिने फोन छातीला लावला. एका कानात बोट घालून, राजापेठेच्या त्या गर्दीत मी ऐकत उभी राहिले. तिचं हृदय पन्नास वर्षं मुकाट चालत होतं, तेव्हा एकदाही मी तिच्याजवळ अशी कान देऊन बसले नव्हते.

"झालं का? लावू आता कूलर?" तिने विचारलं. "घामाघूम झाली मी."

"थांब ना," मी म्हणाले, "आणखी थोडं."