कोथरूडचा कौशिक

कौशिक देवल आयुष्यात दोनदाच कोथरूडला गेला होता, दोन्ही वेळा आत्याकडे आणि दोन्ही वेळा जेमतेम चार दिवस. तरीही गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी दहा ते बारा तो पक्का कोथरूडचा रहिवासी असे. आठवड्याचा उरलेला वेळ तो जयपूरच्या मानसरोवर भागात आईबरोबर राहायचा. वडील विमा कंपनीत होते, सांगलीहून बदली होऊन आले आणि तिथेच फ्लॅट घेऊन बसले. ते गेल्यावर आई आणि हा, दोघंच उरले. वय एकतीस. एका खाजगी कॉलेजात फार्मसी शिकवायचा.

त्याला कोथरूडकर बनवलं एका ऑनलाइन खेळाने. आठ जणांनी आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, मिळून एका किल्ल्यात शिरायचं आणि आतल्या राक्षसाला लोळवायचं, असा तो खेळ. कौशिक ज्या टोळीत होता तिचं नाव दख्खन पथक. सगळे मराठी, बहुतेक पुण्याचे, आणि देशातल्या पहिल्या पन्नास टोळ्यांत नंबर. तिथे अर्ज केला की परीक्षा व्हायची. कौशिक परीक्षेत उत्तम पास झाला. मग कॅप्टन अनिरुद्धने सहज विचारलं, ‘‘कुठला तू?’’ आणि कौशिकच्या तोंडून कोथरूड निघून गेलं.

का निघालं, हे त्याला विचाराल तर तो आजही मान खाली घालेल. लहानपणी सांगलीला चुलत बहिणीच्या लग्नात तो हिंदीच्या वळणाने कुणाला तरी ‘‘मला भूक लागून राहिली आहे’’ असं म्हणाला होता. मांडवभर हशा पिकला. पुढचे दोन दिवस प्रत्येक पंगतीला कुणी ना कुणी त्याला भूक लागून राहिली का विचारत होतं. नऊ वर्षांचं पोर शेवटी न जेवताच झोपलं. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हणजे तो प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवून बघायचा.

आता मात्र त्याने तयारी केली. टोळीतल्या गप्पा तो रेकॉर्ड करून पुन्हापुन्हा ऐके. कुठे ‘अरे यार’ सोडून ‘अरे बाबा’ म्हणायचं, कुणाची थट्टा कितपत करायची, सगळं घोटलं. खेळताना खिडक्या घट्ट बंद करायच्या, बाहेरचं काही ऐकू जाता कामा नये. मे महिन्यात घामाने निथळत हा गडी पुण्याच्या हवेचं कौतुक सांगायचा.

खेळात तो तरबेज होताच. वर्षभरात उपकॅप्टन झाला, आणि अधिकार मिळाल्यावर जे व्हायचं ते झालं. टोळीचे नियम त्याने लिहून काढले, एकोणीस. लढाई चालू असताना कॅप्टनशिवाय कुणी बोलायचं नाही. नवख्याने प्रश्न आधी लिहून पाठवायचे. प्रत्येक लढाईनंतर कुणी किती घाव घातले याची यादी लावायची, आणि सर्वांत ढिल्या माणसाचं नाव सगळ्यात वर. त्या नावाखाली कौशिक एक टोमणा लिहायचा. लोक हसायचे. दोघंजण टोळी सोडून गेले, तेव्हा त्याने ‘‘कचरा आपोआप गेला’’ असं लिहिलं. तेही लोकांना आवडलं.

एप्रिलात ऋचा आली. बावीस वर्षांची, दातांच्या कॉलेजात शिकणारी. ती हीलर होती, म्हणजे लढाईत जखमी झालेल्यांना वाचवणारी. हे काम कुणाला नको असतं, कारण यश सगळ्यांचं आणि मेलं कुणी की दोष हीलरचा. ऋचाचा हात फार चांगला होता. पहिल्याच रविवारी तिने कौशिकला दोनदा मरता मरता वाचवलं.

‘‘तुम्ही थोडं मागे राहा ना भैया,’’ ती लढाई संपल्यावर म्हणाली, ‘‘मतलब, मग मला सगळ्यांना बघता येईल.’’

सल्ला बरोबर होता. पण कौशिकच्या कानात ते भैया आणि ते मतलब असं काही घुसलं, की जणू त्याच्या घरचं कपाट कुणीतरी सगळ्यांसमोर उघडलं. तो स्वतः भाजीवाल्यापासून प्राचार्यांच्या शिपायापर्यंत सगळ्यांना भैया म्हणणारा माणूस. तो म्हणाला, ‘‘भैया? अगं, इथे पाणीपुरी मिळत नाही.’’

बाकीचे सहाही जण खो खो हसले. ऋचाही हसली, जरा उशिरा. त्यानंतर ती त्याला नुसतं कौशिक म्हणू लागली, तेही चाचरत. हॉलमध्ये आई शेंगा सोलत बसली होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, ‘‘कुणाची रे एवढी फजिती करत होतास?’’

‘‘खेळ आहे गं तो.’’

‘‘हां. मला वाटलं खरंच कुणीतरी आहे तिकडं,’’ आई म्हणाली आणि शेंगा घेऊन आत गेली.

तिसऱ्या रविवारी अनिरुद्धने ऋचाला ती कुठली म्हणून विचारलं. ‘‘जयपूर,’’ ती मोकळेपणाने म्हणाली, ‘‘बनी पार्क. बाबा बँकेत आहेत, आम्ही मूळचे नागपूरचे.’’

‘‘जयपूर? भारीच! दिवाळीनंतर आम्ही चौघं येणारच आहोत तिकडे. भेटू, फिरव आम्हाला.’’

कौशिकने मनातल्या मनात हिशोब मांडला. ही पोरगी टोळीत राहिली तर जयपूरच्या गप्पा निघणार, चौघं येणार, हिला भेटणार, आणि मग कुठून ना कुठून आपलं बिंग फुटणार. सारी दोन वर्षं, सारा दरारा एका झटक्यात जाणार आणि मागे काय उरणार, तर मांडवातलं ते पोर.

त्या दिवशीची लढाई अवघड होती. चाळीस मिनिटं लागली. राक्षस पडला, सगळे ओरडले, आणि ऋचाने पुढे होऊन खजिन्याची पेटी उघडली. तिच्या आधीच्या टोळीत तशी रीत होती, पेटी हीलरने उघडायची. तो हीलरचा मान. इथे तसा काही नियम नव्हता, आणि उघडू नये असाही नव्हता.

कौशिकने त्याच क्षणी चॅटमध्ये टाइप केलं, ‘‘नियम वीस. नवख्याने पेटीला हात लावायचा नाही. लावल्यास टोळीतून बाहेर.’’ आणि वाटणी होण्याआधीच बटण दाबून तिला काढून टाकलं. ‘‘सॉरी, मला माहिती...’’ एवढंच ऐकू आलं. तिचा वाटा सात जणांत वाटला गेला. नियम म्हणजे नियम.

तासाभराने तिचा निरोप आला.

‘‘कौशिकजी, पेटी मी विचारून उघडायला पाहिजे होती, चूक झाली. एक गोष्ट सांगायची होती. पहिल्या रविवारी तुमच्या मागून ठेलेवाल्याचा भोंगा ऐकू आला होता. कैर, सांगरी, काचरी. या आपल्या राजस्थानी भाज्या कोथरूडला कोण विकणार? मला इतका आनंद झाला की कोणी आपल्याकडचं आहे. मग लढाईआधी ओळख करून देताना तुम्ही कोथरूड बोललात तेव्हा समजलं की तुम्हाला सांगायचं नाहीये. मी कोणालाच नाही बोलली आणि बोलणार पण नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका. ऋचा.’’

कौशिकने निरोप वाचला. पुन्हा वाचला. त्या पहिल्या रविवारी कूलर बिघडला म्हणून पाच मिनिटं खिडकी उघडली होती, ते त्याला आठवलं. म्हणजे पाणीपुरीचा विनोद केला तेव्हा तिला माहीत होतं. एक वाक्य टाकलं असतं तर सगळे त्याच्यावर हसले असते. तिने ते टाकलं नाही, आणि याने तिला हाकललं. शरमेने त्याचे कान तापले, आणि ते तापणं आठवडाभर गेलं नाही. वर्गात शिकवताना, मेट्रोत उभं असताना, आईने वाढलेलं जेवताना, मधूनच ते ‘टेन्शन घेऊ नका’ आठवायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं.

त्याने उत्तर लिहिलं आणि खोडलं, असं चार दिवस चाललं. गुरुवारी एकदाचं पाठवलं. खेळाने लगेच कळवलं की हे खातं आता अस्तित्वात नाही. बनी पार्क मानसरोवरपासून असं किती लांब आहे? पण गल्लोगल्ली एका मुलीचं घर विचारत फिरणं शोभणारं नव्हतं, आणि तिच्या दारात उभं राहायला तोंडही नव्हतं.

रविवारी तो ठरवून बसला. आता सगळं सांगायचं, आणि टोळी जी शिक्षा देईल ती घ्यायची. काढून टाकतील, टाकू देत. उलट काढलंच पाहिजे.

‘‘मला काही सांगायचंय,’’ तो म्हणाला. ‘‘मी कोथरूडचा नाही. मी जयपूरला राहतो, लहानपणापासून.’’

ते ऐकून अनिरुद्ध हसत सुटला. ‘‘अरे, ते आम्हाला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं! कोथरूडला कुठे राहतोस विचारलं तर तू म्हणालास, मेन रोडला. कुठला मेन रोड, राजा? आम्ही म्हटलं, असेल काहीतरी. तू नसलास की जरा मजा घ्यायचो तुझी.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘बोलायचं काय त्यात? तू खेळतोस चांगला. कुठला का असेनास.’’

म्हणजे ज्या भीतीपोटी त्याने ते केलं, ती भीतीच पोकळ होती. तरी कौशिक थांबला नाही. ‘‘ऋचाला मी त्यासाठीच काढलं. नियम वीस नव्हताच. तिथल्या तिथे लिहिला. तिची काहीच चूक नव्हती. तिचा वाटा आपण सगळ्यांनी खाल्ला.’’

आता हसू थांबलं. ‘‘हे वाईट केलंस,’’ अनिरुद्ध म्हणाला. ‘‘चांगली हीलर होती. परत बोलाव तिला.’’

‘‘तिने खातं बंद केलंय.’’

‘‘हं. मग काय करणार? होतं असं. आज विशालला घेऊ हीलर म्हणून. चला, दहा वाजून गेले.’’

एवढंच. कौशिक वाट बघत राहिला, पण त्याला कुणी काढलं नाही. जाऊ नकोस असंही कुणी म्हणालं नाही, कारण तो जाईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. निघून जायचं बटण समोर होतं. त्याने त्याकडे पाहिलं. मग किल्ल्याचा दरवाजा उघडला, सगळे आत धावले, आणि तोही आत धावला.

तो फार चांगला खेळला. इतका चांगला तो आधी कधी खेळला नव्हता. बारा वाजता आईने दारातून डोकावून विचारलं, ‘‘जिंकलास का रे?’’

‘‘हो,’’ कौशिक म्हणाला. वर बघून तेवढं म्हणणं मात्र त्याला जमलं नाही.