बसून राहायची शिकवणी

आमच्या कॅम्पात दोन मेस होत्या. सीनियर मेसमध्ये इंजिनियर लोक जेवायचे आणि लेबर मेसमध्ये आम्ही. मधे वाळूचं अंगण आणि पाण्याची टाकी. मी सीनियर मेसमध्ये वेटर होतो आणि जेवायला लेबर मेसमध्ये जायचो. सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लँटकडे जाणारा रस्ता कॅम्पाच्या मागूनच जायचा. रत्नागिरीच्या खाडीकाठचा, सातवीत शाळा सोडलेला मी, एसीच्या हॉलमध्ये इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा राहत होतो. त्याबद्दल मी तेव्हाही कंपनीचा आभारी होतो, आजही आहे. पुढचं वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नये.

इराकने कुवेत घेतलं, आमच्या भागात अमेरिकन फौजा उतरल्या, मग लढाई सुरू झाली आणि भोंगे वाजायला लागले. येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्रांत विषारी वायू असेल असं सगळे म्हणत. नसेल असं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. कंपनीने गॅस मास्क मागवले. पहिला ट्रक आला, त्यातले मास्क सीनियर लोकांना वाटले गेले. आम्हाला टॉवेल मिळाले. भोंगा वाजला की टॉवेल ओला करायचा, तोंडावर धरायचा आणि टेबलाखाली बसायचं. टॉवेल नवे होते, हेही सांगायला पाहिजे.

दोन्ही मेस कॅम्प बॉसच्या हाताखाली होत्या. माणूस आपल्याच देशाचा, बोलायचा हिंदीत. "अगले ट्रक से तुम्हारा आएगा," म्हणाला. मी शुक्रिया म्हटलं.

सीनियर मेसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर एक काळा अमेरिकन जेवायचा. पन्नाशी उलटलेला, पाइपांचं वेल्डिंग तपासणारा. 'चाचा' आम्ही दोन्ही मेसच्या आमच्या हेड कुकला म्हणायचो, म्हणून हा 'अंकल' झाला. माझं इंग्रजी मेसपुरतं, पण अंकल सावकाश बोलायचा, आणि जे मला कळायचं नाही ते टेबलावरच्या मिठाच्या आणि मिऱ्याच्या बाटल्या हलवून दाखवायचा. मिऱ्याची बाटली म्हणजे तो स्वतः.

एकदा सूप वाढताना त्याने विचारलं, "तुझा मास्क कुठाय?"

"पुढच्या ट्रकने येतोय, सर."

"कुठल्या ट्रकने?"

"पुढच्या."

त्याने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "आमच्याकडेही तो ट्रक होता. माझा आजा त्याची वाट बघत मेला."

मग बाटल्या पुढे आल्या. तो दक्षिणेकडच्या एका शहरातला. तिथे दुकानात सामान घ्यायला काळ्या माणसाला मनाई नव्हती, पण त्याच दुकानातल्या काउंटरवर बसून कॉफी प्यायला होती. बसमध्ये मागे बसायचं. त्याची आई लोकांचे कपडे धुवायची. बसवर बहिष्कार पडला तेव्हा ती महिनोन्‌महिने चालत कामावर गेली. "पायाला गोळे आले, पण घरी बोलायची नाही," म्हणाला. पुढे तो कॉलेजात गेला, आणि तिथली पोरं रविवारचे कपडे घालून त्या काउंटरवर जाऊन बसायला लागली. कॉफी मागायची. मिळाली नाही की पुस्तक उघडायचं आणि बसून राहायचं. एवढंच.

"एवढंच?" मी विचारलं. मला वाटलं, आंदोलन म्हणजे झेंडा तरी असेल.

"एवढंच. फार कठीण असतं."

दोन दिवसांनी संध्याकाळी अंकल लेबर मेसच्या बाकावर येऊन बसला. हातात पुस्तक. मास्कची पिशवी त्याने टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. सीनियर माणसाने लेबर मेसमध्ये जेवायचं नाही असा नियम होता. त्या दिवशी माझी सुट्टी होती, मी भात खात होतो. कॅम्प बॉस धावत आला आणि नेमका मलाच म्हणाला, "इसको कुछ देना नहीं. बोल दे." माझं इंग्रजी असल्याचा हा फायदा.

मी जाऊन उभा राहिलो. बसलेल्या माणसाला जेवायला मिळणार नाही असं मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. अंकलच्या ते ध्यानात आलं.

"तू पहिल्यांदाच करतोयस ना?" त्याने विचारलं. "हरकत नाही. आमच्या काउंटरमागे एक पोरगी असायची. तिलाही जमत नव्हतं. ती फडकं घेऊन एकच जागा दुपारभर पुसत राहायची. फडकं आण."

मी फडकं आणलं आणि पुसायला लागलो. तेवढ्यात चाचा स्वयंपाकघरातून बाहेर आला. चाचा आमच्याच खाडीपलीकडचा, दाढी छातीपर्यंत.

"काय रे मेल्या, कवाचा टेबल घासतोस? माणूस बसलाय, दिसत नाही?"

"चाचा, बॉसने सांगितलंय, द्यायचं नाही."

"बॉसच्या घरी देत नसतील." चाचाने सुरमईच्या कालवणाचं ताट अंकलपुढे आपटलं. "बसलेल्या माणसाला उपाशी उठवायची आमच्यात पद्धत नाही. सांग त्याला."

मी सांगितलं. अंकल ताटाकडे बघत राहिला. त्याचा बेत होता की वाढेपर्यंत उठायचं नाही, आणि कंपनीने विचारलं तर म्हणायचं, या माणसांना मास्क द्या, मग मी माझ्या मेसमध्ये जातो. आता वाढलंच म्हटल्यावर काय करणार? त्याने कालवण खाल्लं. दुसऱ्यांदा भात घेतला. कॅम्प बॉस दारात उभा होता आणि चाचाशी भांडायची त्याची हिंमत नव्हती, कारण त्याचंही जेवण चाचाच करायचा.

हात धुताना अंकल म्हणाला, "मी चुकीच्या जागी बसलो. जेवण तुमच्याकडे आहे. मास्क तिकडे आहेत. तिकडे तुम्ही बसायला हवं."

मी हसलो. मग कळलं की तो हसत नाही.

ही गोष्ट कुणाला सांगू नये असं मला वाटत होतं, म्हणून मी फक्त चाचाला सांगितली. रात्रीपर्यंत सगळ्या खोलीला माहीत झाली. सौदीत संप म्हणजे सरळ विमानतळ. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाकडे. खलास म्हटलं की खलास. अंकलनेही ते लपवलं नाही. तो म्हणाला, "मी तुमच्याबरोबर बसणार नाही. बसलो तर म्हणतील, अमेरिकनाने चढवलं. आणि उलटलं तर तुम्हाला पाठवतील, मला नाही. विचार करा."

मी विचार केला. मी शूर म्हणून तयार झालो नाही. मला दोन गोष्टींची भीती होती, एक कफीलची आणि एक वायूची. आदल्या भोंग्याच्या वेळी टेबलाखाली बसलो होतो, ओला टॉवेल नाकाला चिकटला होता आणि श्वास घेता येत नव्हता. वायूने मरायच्या आधी मी टॉवेलनेच मरेन असं वाटलं होतं. त्या वेळेपासून ती भीती दुसरीपेक्षा मोठी झाली.

आम्ही चार वेटर आणि चाचा, असे पाच जण ठरलो. अंकलने शिकवणी घेतली. त्याच्या शहरात ती चर्चच्या तळघरात व्हायची. मित्रच मित्रांना शिव्या द्यायचे, केस ओढायचे, तोंडावर धूर सोडायचे, आणि बसलेल्याने हात उचलायचा नाही. आम्ही लेबर मेसमध्ये बाक मांडून बसलो. लाँड्रीवाल्या एकाला कॅम्प बॉस केलं. तो इतका रंगात आला की त्याने खऱ्या कामातल्या चुका काढल्या. "कोकणातली डुकरं! उठ! तुझ्या बापाची मेस आहे काय? चादरी कुणी जाळली इस्त्रीने?"

"ती तूच जाळलीस," चाचा म्हणाला.

अंकलने विचारलं, काय म्हणतायत. मी म्हटलं, सराव चाललाय. त्याने मला चाचाला सांगायला लावलं, उलट बोलायचं नाही.

"ह्यात शिकायचं काय?" चाचा म्हणाला. "इतकी वर्षं बोलणी खातोय. ह्याने तिकडे फी भरली होती काय?"

तरी अंकलने आम्हाला पुन्हा पुन्हा बसवलं. नजर समोर, हात टेबलावर, आवाज खाली. मागणी एकच. काहीही झालं तरी जागेवरून उठायचं नाही.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही गेलो. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, चाचाने अत्तर लावलं होतं. आमची कुणाची ड्यूटी नव्हती, म्हणजे संप नव्हता. मधलं टेबल रिकामं होतं. बसलो. मी त्या खुर्च्या रोज पुसायचो, पण एकीवरही कधी बसलो नव्हतो. गादी मऊ होती.

ड्यूटीवर एकच वेटर उरला होता. आम्ही त्याला म्हटलं, आम्ही जेवायला आलोय, आणि आम्हाला मास्क हवेत. तो बिचारा फडकं घेऊन आमचं टेबल पुसायला लागला. त्याला हे कुणीच शिकवलं नव्हतं. कॅम्प बॉस आला, लाल झाला, हळू आवाजात म्हणाला, "उठो. अभी उठो." आम्ही नजर समोर ठेवली. कोपऱ्यातून अंकलने किंचित मान हलवली. छान चाललं होतं.

पण गुरुवारची गर्दी, आणि वेटर एक. शेजारच्या टेबलावरच्या इंजिनियरने हात वर केला. त्याचा ग्लास रिकामा होता. मी समोर बघितलं. त्याने पुन्हा हात वर केला. मी टेबलाची कड घट्ट धरली. शिव्या आल्या असत्या तर मी बसून राहिलो असतो, त्याची तयारी झाली होती. पण रिकामा ग्लास आणि वर केलेला हात, ह्याचा सराव आम्ही केला नव्हता. मी उठलो, जग घेतला आणि पाणी वाढलं. मला उठलेला बघून दुसरा उठला, त्याने ब्रेड नेला. तिसऱ्याने ताटं उचलली. चौथा सूप घेऊन आला. टेबलावर चाचा एकटाच उरला, कारण त्याला वाढायची सवय नव्हती. मग आतून कांदा करपल्याचा वास आला. "कोण उभा आहे रे तव्यावर?" म्हणत चाचाही उठला.

अंकलने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात भोंगा वाजला.

हॉलमधल्या सगळ्यांनी पिशव्या उघडल्या आणि मास्क चढवले. ड्यूटीवरचा वेटर टॉवेल ओला करायला आत पळाला. आम्ही मधेच उभे. माझ्या हातात जग, चाचा स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन. पाच इस्त्रीची माणसं, तोंडं उघडी, आणि भोवती काचेच्या गोल डोळ्यांची पन्नासेक माणसं. आम्ही टेबलाखाली गेलो नाही. उठून उभे राहिलो होतो, आता पुन्हा बसायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. अंकलचा मास्क टेबलावर होता. त्याने तो घातला नाही. बाकीच्यांनी घातले, आणि त्यात चूक नव्हती, त्यांना घरी पोरंबाळं होती. मलाही आई होती. ज्याचा ग्लास मी भरला तो इंजिनियर काचेतून माझ्याकडे बघत होता. त्याला दुसरीकडे बघायचं असावं, पण मास्कमध्ये मान लवकर वळत नाही.

दूर कुठेतरी धडधडलं. मग सगळं ठीक असल्याचा भोंगा झाला. मास्क उतरले. जेवायला कुणी परत बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा, तरी ट्रक आला. मास्क लेबर मेसमध्ये वाटले. आम्हाला कुणी काही विचारलं नाही, कुणाला विमानतळावर नेलं नाही. मी कॅम्प बॉसला तीनदा शुक्रिया म्हटलं. तो म्हणाला, "मेरे को मत बोल. साहब लोगों ने कंप्लेंट किया. बोले, ऐसे में खाना गले से नहीं उतरता."

हे कळल्यावर मी जरा खट्टू झालो. मला वाटलं होतं की आमचा जीव बघून मास्क आले. संध्याकाळी अंकल चाचाचं कालवण खायला आला होता. आता त्याला कुणी अडवत नव्हतं. मी त्याला सांगितलं.

"आमच्याकडेही तसंच," तो काटा काढत म्हणाला. "दुकानांचा धंदा बसला, म्हणून काउंटर उघडले. मन वगैरे नंतर बदलायचं असेल तर बदलतं. तुम्ही मात्र मी बघितलेल्यांत सगळ्यांत वाईट बसणारे होतात."

मी सॉरी म्हटलं.

"काउंटरनंतर आम्ही सिनेमा थिएटर लढायला घेतलं," तो म्हणाला. "मग मतदान. तुमचं पुढे काय?"

मी घाईने म्हटलं, काही नाही सर, मास्क मिळाले, आम्ही सुखी आहोत. चाचाने विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. चाचाने पळीने वर दाखवलं. लेबर मेसमध्ये एसी नव्हता, एक पंखा होता आणि तो फिरत नव्हता.

"उन्हाळा येतोय, सांग त्याला."

"चाचा, कालच वाचलोय. गप बस ना."

"सांग म्हणतो ना."

मी मागे वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग मी बाकावर बसलो, आवाज खाली केला आणि अंकलला सांगितलं.