मुकी पावली

लोटन सोनाराच्या हातून आयुष्यात एकच पावली वितळली, पण तिने त्याला तीन दिवस सुखाने बसू दिलं नाही.

नवा पैसा निघाला त्या सालची गोष्ट. सातपुड्यातली पारुबाई लेकीच्या लग्नासाठी गळ्यातली चार आण्यांच्या चांदीच्या पावल्यांची माळ ओवायला नंदुरबारला त्याच्याकडे टाकून गेली होती. चिठ्ठी नाही, पावती नाही. डोंगरातली माणसं लोटनकडे चांदी अशीच टाकून जात. आणि ह्या शहाण्याने त्यातली एक सुटी पावली मोडीच्या चांदीसोबत मुशीत लोटली! तशी चांदीची पावली आता बाजारात मिळायची कुठून?

मग त्याने नको तो उद्योग केला. चांदीचा पातळ पत्रा दुसऱ्या पावलीवर ठेवला, वर शिशाची वडी धरली आणि हातोडा हाणला. नाण्यावरच्या राजाचं तोंड हुबेहूब उमटलं. मागून मात्र तेच तोंड उलटं आणि खोलगट. कडी डकवून त्या खोलगटात त्याने लाख भरली. मागची बाजू छातीला लागणार, कोण बघतंय! अशी मनाची समजूत घातली, पण जेवण काही गोड लागेना. दारात पोलीस दिसला तरी तो माळ घाईने पेटीत सारायचा. दहा वेळा माळ काढली, दहा वेळा ठेवली.

बाजाराच्या दिवशी पारुबाई आली. तिने माळ उलटीपालटी केलीच नाही. गळ्यात घातली, खांदे हलवले आणि पावल्यांचा खुळखुळाट कान देऊन ऐकला. पुन्हा हलवले.

"लोटनभाऊ, हाई एक बोलस नही," नेमकी तीच पावली चिमटीत धरून ती म्हणाली.

"मन्हा हातनी चूक व्हयनी, पारुबाई. तुन्ही पावली मुशीत गई. हाई मीच करेल शे."

"मंग पहिलेच काब नही सांगं?"

आपली चांदी घालून जाड पावली घडवून देतो, तोंडही उमटवतो, संध्याकाळी घेऊन जा, असं लोटन घाईघाईने म्हणाला.

"तोंड नको. नुसती चांदी ठोक. मन्हा समोर."

बाहेर बाजार ऐन भरात होता. पारुबाई भट्टीपाशी मांडी घालून बसली. लोटनने मूस चढवली. तिची नजर त्याच्या हातांवरून हलली नाही, आणि बापाच्या वेळेपासूनच्या त्या दुकानात पहिल्यांदाच त्याचा हातोडा चुकीच्या जागी पडला.