त्यात काय घाबरायचं?

मी त्या बाईंशी खोटं बोललो, तेही भित्रा दिसू नये म्हणून.

घरात रंगीत टीव्ही आला आणि माझ्या मुलीला जाहिरातीत काम करायचं वेड लागलं. अंधेरीतल्या एका मॉडेलिंग एजन्सीत तिला घेऊन गेलो. एका दिवसाच्या ट्रायलचे पैसे ते आधीच मागत होते आणि पालकांना आत सोडत नव्हते. माझा धीर होईना.

शेजारी एक बाई लेकीला घेऊन बसल्या होत्या. पैसे बांधलेल्या रुमालाची गाठ सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. आतलं दार उघडलं की लेकीचं मनगट पकडायच्या.

"भाऊ, तुम्ही भरताय ना?"

"भरणार ना! त्यात काय घाबरायचं?"

"मग मी पण भरते. तुम्ही शिकलेले, चौकशी करूनच आला असाल."

त्यांनी पैसे भरले. त्यांची मुलगी आत गेली आणि आतून कडी लागली. तो आवाज ऐकताच मी पाण्याचं निमित्त करून माझ्या मुलीला खाली आणलं. फाटकाशी त्या बाईंची मुलगी आठवली आणि पाय अडले.

मुलीचा हात धरून परत वर गेलो. त्या उभ्याच होत्या, रिकामा रुमाल बोटांना गुंडाळत.

"ताई, मला माफ करा. मी पैसे भरलेच नाहीत, मला भीती वाटली. चला, दोघं मिळून दार वाजवू."