लेओकादीला मिळालेलं नाव

आमच्या मोंमार्त्रच्या टेकडीवर आईबापांनी ठेवलेलं नाव चर्चच्या वहीत राहतं. नाचघरात ते कुणी विचारत नाही. तिथे नाव ठेवायचं काम गर्दीचं. एकीला 'शिंकरी' म्हणत, एकीला 'तीनमजली', आणि एक तर बिचारी 'सासूबाई' म्हणूनच गाजली. गर्दीच्या तोंडी नाव बसलं की ती नाचणारी. नाही बसलं तर रविवारी दुपारी पाय मोकळे करायला आलेली कुणीतरी. खाली शहरातून उंच टोप्या घालून येणारे साहेब लोक म्हणतात, काय गमतीदार रीत आहे! गमतीदार कसली डोंबलाची. जिच्या पोटावर येतं तिला विचारा.

लेओकादी ब्रिसोला विचारा. सबंध हिवाळा ती दर रविवारी बार्दूच्या नाचघरात नाचली आणि एका माणसानं तिला नावानं हाक मारली नाही. वाईट नाचायची म्हणून नव्हे. पाय तिचा कानाला लागायचा. पण दिसायला चारचौघींसारखी, दात सरळ, नाक सरळ, बोलणं कमी. गर्दीला नखं रोवायला जागाच सापडेना.

तिची आई ओनोरीन हिचं चढाच्या रस्त्यावर इस्त्रीचं दुकान होतं. मधोमध शेगडी, तिच्याभोवती तापत ठेवलेल्या इस्त्र्या, वर दोरीवर दुसऱ्यांचे झगे. लहानपणापासून लेओकादी त्या वाफेत उभी होती. हातावर आईसारखेच कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. नाचणाऱ्या पोरींचे झालरीवर झालर लावलेले घागरे तीच खळ घालून कडक करायची, आणि दाराला आतून कडी लावून ते नेसून बघायची. पुढे तिनं कडी लावणंही सोडलं. नाचता नाचता बघ्याच्या डोक्यावरची टोपी पायानं उडवणं ही त्या पोरींची खास करामत, म्हणून तिनं दोरीवर एक जुनी टोपी अडकवली आणि इस्त्री तापेपर्यंत लाथेनं ती पाडायची.

"छत पाड एकदाचं!" आई ओरडायची. "म्हणजे आकाशाखाली बसून इस्त्री करू."

"आई, टोपीला नुसता अंगठा लागला पाहिजे. डोक्याला नाही."

"आणि माझ्या डोक्याचं काय?"

तर त्या वसंतात बार्दूच्या चौकडीतली एक पोरगी लग्न करून रूआँला निघून गेली. चौकडी म्हणजे दोन जोड्या, समोरासमोर नाचणाऱ्या. ओनोरीन त्यांना चांडाळचौकडीच म्हणायची. मालकाकडून रोजचा पगार त्या चौघांनाच. जागा रिकामी झाली तशी लेओकादी तडक बार्दूकडे गेली. बार्दू म्हणजे पोट पुढे, मिशा वर, आणि बोलताना नजर दाराकडे, कोण आलं कोण गेलं.

"पाय चांगला आहे तुझा," तो म्हणाला. "पण लोक तुला म्हणतात काय?"

"काहीच नाही."

"मग मी जाहिरातीवर काय लिहू? 'आज नाचणार: काहीच नाही'?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "हे बघ बाई, ईस्टरच्या आत माझ्या हॉलनं तुला नाव घेऊन हाक मारली तर जागा तुझी. नाहीतर मला दुसरी बघू दे."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आईनं हातातली इस्त्री शेगडीवर आदळली. ओनोरीनच्या मनात निराळंच होतं. दोन दारं सोडून फुशार कोळसेवाल्याची वखार होती. विधुर, कामसू, दारूला न शिवणारा. माणूस वाईट नव्हता, आणि तेच लेओकादीला जड जात होतं, कारण नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं.

"ईस्टरपर्यंत काय उड्या मारायच्या त्या मार," आई म्हणाली. "तोवर जागा मिळाली नाही तर तोंड न वाजवता फुशारला हो म्हणायचं. रस्त्यावरच्या टवाळांनी माझ्या पोरीला नाव ठेवायचं आणि मी ते ऐकायचं, हे माझ्या हयातीत होणार नाही. कबूल?"

"कबूल," लेओकादी म्हणाली.

ती का कबूल झाली, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सरळ सांगितलं असतं. इस्त्रीच्या टेबलापाशी सकाळपासून 'घडी नीट घाल, कॉलर जाळू नकोस, हळू, जोरात, परत कर' एवढंच कानावर पडायचं. बँड सुरू झाला की तिला कुणी काही सांगत नसे. ते तिला हवं होतं, आणि ते मिळाल्याशिवाय ती राहणार नव्हती. बस्स, एवढंच.

तिचा नाचातला जोडीदार होता ताताव. छपरांवर जस्ताचे पत्रे ठोकणारा, काडीसारखा बारीक, मनाचा मोठा आणि अकलेचा बेताचा. ईस्टरच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला तसा तो दुकानात आला.

"मी एक युक्ती काढलीय," तो म्हणाला. "माझे पाच-सहा पत्रेवाले भाऊबंद आहेत. त्यांना दारू पाजतो. तू टोपी उडवलीस की ते ओरडतील, 'रेशमी पाय! रेशमी पाय!' मग सगळा हॉल ओरडेल."

"अजिबात नाही. मागे त्या तांबड्या केसांच्या पोरीनं असंच विकतचं नाव आणलं होतं ना? लोकांना कळलं तशी संत्र्याच्या सालींनी झोडपली तिला. पुन्हा तोंड दाखवलं नाही तिनं."

"अगं पण आजचा शेवटचा..."

"ताताव, नाही म्हणजे नाही!"

तातावनं मान डोलावली. पण ताताव मान डोलावतो तेव्हा त्यानं ऐकलेलं नसतं, हे आम्हा टेकडीवरच्यांना ठाऊक आहे.

दुपारी नाचघर खच्चून भरलं होतं. बाकांवर पोरंबाळं गरम पापडी खात होती, मोठी माणसं मसाला घातलेली वाईन वाडग्यातून पीत होती. दोन नाचांच्या मध्ये बार्दूचा माणूस झारी घेऊन धूळ बसायला फरशीवर पाणी शिंपडून गेला. त्या दिवशी त्यानं एका जागी थांबून कुणाशी तरी गप्पा मारल्या आणि झारी तिथेच वाहत राहिली. तेवढंच थारोळं पुढे नडलं.

बँडनं चौकडीचा नाच उचलला; पगार चौघांना असला तरी नाचायला फरशी सगळ्यांना मोकळी. लेओकादी काय नाचली त्या दिवशी! झालरींचा नुसता फेस. एका पायावर गिरक्या, दुसरा पाय हातात धरून खांद्यावर, आणि चेहऱ्यावर ना हसू ना लाज, नुसता हट्ट. कठड्याला टेकून एक लठ्ठ साहेब उभा होता, उंच काळी टोपी. लेओकादीनं नेम धरला, गिरकी घेतली, पाय उचलला, आणि खालचा पाय त्या पाण्यावर सटकला.

धप्प! सगळा घागरा डोक्यावर, एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. साहेबाची टोपी होती तिथेच.

आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या टेबलावरून पाच-सहा घसे एका सुरात गरजले, "रेशमी पाय! रेशमी पाय!"

पत्रेवाल्यांना दारू जरा जास्तच झाली होती. त्यांच्या ध्यानात एवढंच राहिलं होतं, पाय वर गेला की ओरडा. पाय वर गेला, ते ओरडले. त्यांचं काय चुकलं?

हॉल हसून असा फुटला की बँड ऐकू येईना. लोक टेबलांवर डोकी आपटून हसत होते. एक घोडागाडीवाला, आडदांड, चकचकीत पांढऱ्या टोपीचा, खुर्चीवर चढून ओरडला, "रेशमी कसली रे! आपटी म्हणा, आपटी! काय सणसणीत आपटी खाल्लीन!"

"आपटी! आपटी!" सगळ्या हॉलनं उचललं.

बार्दूनं बँडकडे बघून हात हलवला, म्हणजे संथ वाल्ट्झ लावा, हे मिटवा. ताताव पांढराफटक पडून हात पुढे करत होता. लेओकादीनं तो हात झटकला. मोजा फाटला होता, गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि डोळ्यांत पाणी होतं. रागाचं का दुखण्याचं ते तिचं तिला माहीत. ती उठली आणि लंगडत बँडच्या कठड्यापाशी गेली.

"सुरुवातीपासून वाजवा," ती म्हणाली.

बँडच्या म्होरक्यानं मालकाकडे पाहिलं. मालकानं मान हलवली, नाही.

"बरं," ती म्हणाली. "नका वाजवू."

ती मधोमध गेली आणि तशीच नाचू लागली. ना ढोल, ना कर्णा. फरशीवर तिच्या बुटांचाच काय तो आवाज. सगळे हसतच होते. तातावला मात्र एकदाची अक्कल आली. तो तिच्यासमोर जाऊन टाळ्यांनी ठेका धरू लागला. मग कठड्यापाशी कुणीतरी धरला. मग बाकांवर. "आप-टी! आप-टी!" अजून चेष्टाच होती ती, पण ठेका बरोबर होता, आणि लेओकादी त्या चेष्टेवर पाय टाकत होती. बँडमधल्या म्हाताऱ्या कर्णेवाल्याला राहवेना. त्यानं मालकाकडे पाठ केली आणि वाजवायला लागला.

ती लठ्ठ साहेबाकडे फिरकलीही नाही. सरळ घोडागाडीवाल्यापाशी गेली. तो अजून खुर्चीवरच होता, म्हणजे टोपी नेहमीपेक्षा दीड हात उंच.

"उतरा खाली," ती म्हणाली.

"का गं आपटे? पाय पोचत नाही होय?"

"तुम्ही पडाल म्हणून म्हटलं."

आणि फुटक्या गुडघ्याच्या पायावर उभी राहून तिनं दुसरा पाय फेकला. पांढरी टोपी उडून दिव्याच्या झुंबराला लागली आणि खाली एका बाईच्या वाईनमध्ये पडली. घोडागाडीवाला दचकून खरंच खुर्चीसकट कोसळला. त्यानंतर जी आरोळी उठली ती चेष्टेची नव्हती. नाव मात्र तेच होतं.

बार्दूनं तिला बाजूला घेतलं. मिशा पिळत होता. "नाचलीस छान. पण हे नाव जाहिरातीवर कसं घालू? 'रेशमी पाय' लिहू या. ऐकायला बरं वाटतं."

"ते तातावनं दारू पाजून आणलेलं आहे. माझं नाही."

"अगं, पण आपटी! हसतात लोक!"

"तुम्ही म्हणाला होता, हॉलनं नाव घेऊन हाक मारली पाहिजे. मारली. चांगलंच नाव पाहिजे असं तुम्ही म्हणाला नव्हता. आता शब्द फिरवू नका, मुस्यू बार्दू. तिकडे सगळे ऐकताहेत."

खरंच सगळे ऐकत होते. बार्दूनं जागा दिली.

घरी सशाचं कालवण शिजलं होतं आणि फुशार कोळसेवाला नखं स्वच्छ घासून टेबलाशी बसला होता. लेओकादी लंगडत आत आली.

"काय झालं?" आई उठली. "पडलीस?"

"पडले."

"हसले?"

"सगळे हसले. मग मी परत नाचले. जागा मिळाली, आई."

ओनोरीन शेगडीकडे वळली. तिनं पाणी गरम करून त्यात व्हिनेगर घातलं आणि लेकीपुढे खाली बसून गुडघा धुऊ लागली. लेओकादी ओठ चावून बसली होती.

"नाव काय दिलं?" आईनं मान वर न करता विचारलं.

"आपटी."

फुशारला हसू फुटलं. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "आपटी!" तो म्हणाला. "मादाम ब्रिसो, आता मी हिच्याशी लग्न केलं तर लोक मला काय म्हणतील? आपट्या?"

ओनोरीन उठली. हातातलं ओलं फडकं तिनं इतकं पिळलं की टेबलावर पाणी सांडलं.

"फुशार, तुमचं कालवण खाऊन झालं का? झालं असेल तर या. नसेल तरी या. तिनं ते नाव गुडघा फोडून आणलंय, आणि हसायचंच असेल तर तिकीट काढून हसायचं, तिथे बार्दूकडे. माझ्या घरात नाही."

फुशार टोपी घेऊन गेला. पुढे त्यानं पावाच्या दुकानातल्या विधवेशी लग्न केलं आणि सुखात राहिला.

लेओकादी अकरा वर्षं चौकडीत नाचली. ती पुन्हा पडेल या आशेनं लोक पहिले काही रविवार आले, मग तिच्यासाठी येऊ लागले. पण पहिल्याच रविवारची गोष्ट सांगतो. ईस्टरनंतरचा तो. ती फरशीवर आली, बँड थांबलेला, हॉलमध्ये कुजबुज, आणि कुणी तोंड उघडायच्या आत कठड्यापाशी एक जाडजूड बाई, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग असलेली, दोन्ही हात तोंडाशी नेऊन सगळ्या नाचघराला ऐकू जाईल अशी ओरडली, "आपटे! दाखव यांना!"