राजेगावला डबा ठेवलेली सीट

मंडळी, आज भाऊबीजेसाठी भावाकडे गोंदियाला निघाले. राजेगावला बस थांबली, शेजारची सीट रिकामी झाली आणि मी तिच्यावर चकल्यांचा डबा ठेवून दिला.

एक बाई चढली. "अम्मा, यहाँ कोई है क्या?"

"हौ, माणूस येऊन राह्यला," माझ्या तोंडून निघून गेलं.

हे वाक्य माझ्या आईचं. साठेक वर्षांपूर्वी आम्ही दर दिवाळीला बालाघाटहून मामाकडे असेच बसनं जायचो. राजेगावला बाबा चहाला उतरायचे आणि आई त्यांच्या जागेवर डबा ठेवायची. बस हलली की बाबा धावत चढायचे, डबा मांडीवर घ्यायचे. गोंदिया येईपर्यंत अर्ध्या चकल्या संपलेल्या.

आई चिडायची, "माह्या भावाले काय रिकामा डबा देऊ?"

बाबा वारले त्या वर्षीही आम्ही गेलो. राजेगावला आईनं डबा ठेवला आणि विचारणाऱ्याला तेच सांगितलं. बस हलली तेव्हा आम्ही सगळी भावंडं दाराकडे बघत होतो.

मामीनं घरी डबा उघडला. तो काठोकाठ भरलेला होता. आई तेव्हा रडली.

आज ती बाई बिचारी गोंदियापर्यंत उभी राहिली, आणि मलाही डबा उचलवेना. उतरताना तिनंच तो माझ्या हातात दिला. म्हणाली, "अम्मा, आपका आदमी पीछे छूट गया क्या?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायला हवं होतं मी?