चुकीचं तेल, भोकरदनचं गॅरेज आणि आईची ओटी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. पिंपळगाव रेणुकाईला देवीची ओटी भरायची राहिलीय, एवढंच तिचं पालुपद. बसची पायरी चढवत नाही, म्हणून मीच ठरवलं, आपल्या चौदा वर्षांच्या सेडाननं न्यायचं. मंगळवार धरला.

जालन्याहून सकाळी सातला निघालो. ओटी भरेपर्यंत आई काही खाणार नव्हती, त्यामुळे राजूरला भजी मी एकटीनंच हाणली. वीस रुपये प्लेट, झकास! भोकरदनच्या अलीकडे गतिरोधक आला, ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवली. आईनं ओटीची पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

“पुन्हा या गाडीत बसायची न्हाई म्या,” ती म्हणाली.

ब्रेकपेक्षा मला या वाक्याचीच भीती वाटली. बस नाही, गाडीही नाही, म्हणजे ती कायमची घरात.

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून गॅरेजपर्यंत ओढलं. मुश्ताकभाई मेकॅनिकनं ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि एक थेंब पाण्याच्या ग्लासात सोडला. खरं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हा थेंब वरच तरंगत राहिला.

“ताई, ह्ये ब्रेक ऑइलच न्हाई. कुणी ओतलं? आतलं सगळं रबर फुगून गेलंय. गाडीची बिलकुल चूक न्हाई.”

मीच ओतलं होतं. आठवड्यापूर्वी ऑइल कमी दिसलं आणि घरात पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची अर्धी बाटली पडून होती. वाया कशाला घालवायचं! आई बाहेर बाकड्यावर होती, तिला ऐकू गेलं नाही. मी गप्प बसले. लाज वाटली, दुसरं काय.

“नुसतं तेल बदललं तर?”

“चारशात होईल. पण मंग माघारी जाताना पुन्हा हेच. करायचं तर बराबर करू.”

बराबरच करायचं होतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पाइप, रबरं असं सगळं सामान जालन्याहून काळी-पिवळी जीपमधून आलं. सामानाचे पाच हजार आठशे, मजुरी चौदाशे आणि साडेपाच तास. जुनी गाडी असेल तर एवढं ऐका, झाकणावर लिहिलंय तेच तेल ओता.

रिकाम्या रस्त्यावर आईदेखत चार वेळा ब्रेक मारून दाखवला. “ओटीपुरती बसते,” म्हणत ती बसली.

देवळात माझा दंड धरून तिनं खण-नारळानं ओटी भरली. मग झाडाखाली धपाटे आणि दही. तिचा चेहरा पाहून मला रडूच आलं.

संध्याकाळी घरी पोचताच ती म्हणाली, “इकून टाक ही गाडी.”

आता गप्प राहिले असते तर माझी अब्रू वाचली असती आणि आई घरात अडकली असती. सगळं सांगून टाकलं.

तिनं मला नीट न्याहाळलं. “म्हंजी गाडी चांगलीय. मंग माहूरला कधी निघायचं? तेलाला फकस्त तू हात लावू नको.”